जगाचा इतिहास शिकवताना: मातीच्या पाट्यांपासून निरंकुश राजांपर्यंत एकच सूत्र धरता येईल का?

ओंजळ

नमस्कार मंडळी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मी जगाचा इतिहास शिकवते. वर्ष मेसोपोटेमियापासून सुरू होतं आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईपाशी संपतं. म्हणजे साधारण पाच हजार वर्षं. इजिप्त, सिंधू, चीन, ग्रीस, रोम, इस्लामचा उदय, मंगोल, युरोपातलं मध्ययुग, छापखाना, धर्मसुधारणा आणि शेवटी निरंकुश राजेशाही, असा भरगच्च बेत असतो.

मुलं रस घेतात, प्रश्नही विचारतात. पण वर्ष सरताना त्यांच्या हाती सुटे तुकडेच राहतात. ममी लक्षात राहते, ग्लॅडिएटर लक्षात राहतो. बॅबिलोनच्या हामुराबी राजाची सत्ता आणि लुईची सत्ता यांत फरक काय असं विचारलं, की वर्गात शांतता पसरते.

म्हणून यंदा सगळं वर्ष एका प्रश्नावर उभं करायचं ठरवलंय: लोक राजाचं का ऐकतात, आणि कधी ऐकेनासे होतात? प्रत्येक संस्कृतीपाशी थांबून हाच प्रश्न विचारायचा. उत्तर दर वेळी थोडं बदलेल आणि तो बदल म्हणजेच इतिहास, असं मला वाटतं.

तुम्हाला विचारायचंय ते हे, की पाच हजार वर्षांचं ओझं हा प्रश्न पेलेल का? सुरुवात कुठून करावी? आणि काय सोडून द्यावं? सगळं शिकवायला गेलं की काहीच शिकवून होत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तळटीप

प्रश्न फार आवडला. सुरुवात मात्र राजापासून करू नका, हिशेबापासून करा.

मेसोपोटेमियातल्या उरुक शहरात सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखी पाट्या इ.स.पू. ३३००च्या आसपासच्या आहेत. त्यांवर देवांच्या कथा नाहीत की राजांच्या बढाया नाहीत. बहुतेक पाट्यांवर सातू किती आला, बिअर कुणाला किती दिली, मेंढ्या किती, असल्या नोंदी आहेत. माणूस लिहायला लागला तो आठवणीत मावेनासा झालेला हिशेब ठेवण्यासाठी. मुलांना हे कळलं की "राज्य म्हणजे काय" याचं पहिलं उत्तर त्यांचं त्यांनाच सापडतं: जिथे कुणीतरी मोजतंय आणि वाटतंय, ती जागा.

मग हामुराबीकडे या. त्याचा काळा शिलास्तंभ सव्वादोन मीटर उंच आहे, आज तो पॅरिसला लूव्हरमध्ये आहे. कायदे खाली आहेत, वर चित्र आहे. त्या चित्रात हामुराबी सूर्यदेव शमाशपुढे उभा आहे. तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर तिथे कोरूनच ठेवलंय! कायदे वाचायला देताना १९६, १९८ आणि १९९ हे तीन एकत्र द्या. प्रतिष्ठित माणसाचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा फोडायचा. सामान्य माणसाचा फोडला तर एक मिना चांदी भरायची. गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम. "डोळ्याच्या बदल्यात डोळा" एवढंच पाठ केलेली मुलं इथे अडखळतात, आणि मग खरी चर्चा सुरू होते.

पाणवठा

हामुराबीच्या धड्यात नान्नी आणि एआ-नासिर आलेच पाहिजेत! उर शहरातल्या एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याने नान्नीला हलक्या दर्जाचं तांबं दिलं आणि वर त्याच्या माणसाशी उद्धटपणे वागला. नान्नीने मातीच्या पाटीवर दोन्ही बाजूंनी खच्चून तक्रार लिहिली. इ.स.पू. १७५०च्या सुमाराची गोष्ट. पावणेचार हजार वर्षं झाली, गिऱ्हाईक अजून रागावलेलंच आहे. मुलं हसतात आणि तो काळ त्यांना एकदम जवळचा वाटतो.

नांगरफाळ

ओंजळताई, तुमचा प्रश्न एक पायरी वरून सुरू होतोय असं मला वाटतं. लोक राजाचं ऐकतात का, हे नंतर येतं. आधी राजाचं पोट कसं भरतं ते बघायला हवं.

गहू, सातू, भात, ही पिकं जमिनीच्या वर येतात, एकाच सुमारास पिकतात, मोजता येतात, वाळवून साठवता येतात, गाढवावर लादून नेता येतात. वसुली करणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? कंद जमिनीत दडून राहतो, हवा तेव्हा उकरता येतो, त्याच्यावर वसुली बसवणं अवघड. टायग्रिस-युफ्रेटिस, नाईल, सिंधू, पीत नदी, या सगळ्या खोऱ्यांत धान्य आहे आणि धान्याच्या मागोमाग कोठार, कारकून आणि शिपाई आहेत. मुलांना आधी हे दाखवा. देव आणि मुकुट त्यानंतर.

कोरा कागद

नांगरफाळ, विवेचन छान आहे, पण दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्याचं काय करायचं? तिथली मुख्य वसुली श्रमाची. ठरलेले दिवस राज्याच्या शेतात, रस्त्यांवर, सैन्यात काम करायचं, त्याला मिता म्हणत. बटाटे गोठवून-वाळवून केलेला चुन्यो कोठारांत वर्षानुवर्षं टिके, म्हणजे कंदावरही राज्य उभं राहिलं. लिपी नव्हती, हिशेब दोऱ्यांच्या गाठींत, किपूत ठेवला जाई. चाकाची गाडी नाही, लोखंड नाही, तरी अँडीज पर्वतातून हजारो किलोमीटरचे रस्ते. "धान्य, लिपी, राजा" ही साखळी जिथे तुटते तो धडा मुलांना जास्त शिकवून जातो.

दुसरं उदाहरण सिंधू संस्कृतीचं. मोहेंजोदडोला सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल स्नानकुंड आहे. गटारं आहेत. शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांतही विटांचं प्रमाण तेच आणि वजनंही त्याच मापाची. आणि राजवाडा? खात्रीने बोट ठेवावं असा एकही नाही. राजाचं भव्य थडगं नाही. युद्धात शत्रूला तुडवणाऱ्या राजाचं शिल्प नाही. ज्या मूर्तीला "पुरोहित राजा" म्हणतात ती वीतभरही नाही, आणि ते नाव उत्खनन करणाऱ्यांनी दिलेलं आहे. लिपी अजून वाचता आलेली नाही.

ओंजळ, तुमच्या प्रश्नाची खरी परीक्षा इथे आहे. लोक राजाचं का ऐकतात असं विचारत आलेल्या मुलांपुढे एक असा समाज ठेवा, जिथे शिस्त उघड दिसते आणि राजा दिसत नाही. मी तर म्हणेन वर्षाची सुरुवातच इथून करा.

नांगरफाळ

मितेचा मुद्दा मान्य. पण कोठार तिथेही आहेच की! माझं म्हणणं कोठाराबद्दल आहे, त्यात काय भरलंय ते प्रदेशाप्रमाणे बदलणार.

ऐन दुपारी

सगळे विचारांचे मोठे धागे धरतायत, मी साध्या सुतळीबद्दल बोलतो.

सनावळ्यांना नावं ठेवायची फॅशन झालीय. सनावळी पाठ करणं वेगळं आणि अंतराची जाण असणं वेगळं. दुसरी नसेल तर सगळा "जुना काळ" एकाच पोत्यात जातो. वर्गाच्या भिंतीवर पाच मीटर सुतळी बांधा. एक सेंटीमीटर म्हणजे दहा वर्षं. डाव्या टोकाला उरुकच्या पाट्या, उजव्या टोकाला लुईचा मृत्यू, १७१५. मग एकेक चिठ्ठी मुलांनीच अडकवायची.

आता बघा काय होतं. खुफूचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६०च्या आसपास आणि क्लिओपात्राचा मृत्यू इ.स.पू. ३०. दोघांत अडीच मीटर! मुलं दोघांना शेजारी-शेजारी लावायला जातात आणि मग चालत चालत अर्धी सुतळी ओलांडतात. क्लिओपात्रा पिरॅमिडपेक्षा आपल्याला जवळची आहे, हे ऐकून पटत नाही, चालून पटतं. लुईची ७२ वर्षांची कारकीर्द म्हणजे जेमतेम सात सेंटीमीटर. पाठ्यपुस्तकात पानंच्या पानं असलेला माणूस सुतळीवर बोटभर जागा घेतो. पुस्तकातली पानं आणि सरलेला काळ यांचा मेळ नसतो, हे मुलांना त्या क्षणी उमगतं.

पाणवठा

सुतळी मस्तच. आमच्याकडे उद्याच टांगतो.

दीपमाळ

इजिप्तबद्दल लिहायचं राहून जातंय, म्हणून लिहिते.

पिरॅमिड म्हटलं की चाबूक मारणारे मुकादम आणि साखळदंडातले गुलाम, हे चित्र मुलांच्या डोक्यात पक्कं असतं. ते पुसायला एक साधन आहे. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये पपायरसचे तुकडे सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफूच्याच काळातली. तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरायचे, नाईलवरून गिझाला पोचवायचे, परत फिरायचं. आज इथे मुक्काम, उद्या तिथे. इतकं रुक्ष लिखाण, पण मुलं त्यावर तुटून पडतात, कारण पहिल्यांदाच त्यांना पिरॅमिड बांधणाऱ्या माणसाचा कामाचा दिवस दिसतो. या माणसांना शिधा मिळत होता, त्यांच्या टोळ्या होत्या, त्यांचं काम नीट आखलेलं होतं. वेठीचा जाच नव्हता असं यावरून म्हणता येणार नाही. पण "गुलामांनी बांधलं" इतकं सोपं ते नव्हतं.

आणि ओंजळ, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, लोक कधी ऐकेनासे होतात? तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, राजांची थडगी खोदणाऱ्या देर अल-मदिनाच्या कारागिरांना धान्याचा पगार वेळेवर मिळाला नाही. त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि मंदिरांमागे जाऊन बसले. भूक आणि तहान यांमुळे आम्ही इथवर आलो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. ते सगळं पपायरसवर लिहिलेलं आहे, आज तुरीनच्या संग्रहालयात आहे. नोंद असलेल्या संपांमधला हा सर्वांत जुना. ज्याला देव मानत त्या राजाकडे हे लोक थकलेला पगार मागत होते! वर्गात हा भाग वाचला की मुलांचे चेहरे बघावेत.

नांगरफाळ

पगार धान्याचाच होता, एवढं फक्त नोंदवून ठेवतो. :)

सांजवात

अथेन्स शिकवताना मी नाटुकलं करून घेते. वर्गातली मुलं चिठ्ठ्या उचलतात: नागरिक, स्त्री, परदेशी रहिवासी, गुलाम. मग एखाद्या प्रश्नावर मतदान घ्यायचं. हात फक्त नागरिकांनी वर करायचा. बाकीचे बसून राहतात आणि चिडतात. लोकशाही म्हणजे किती जणांची, हे पाच मिनिटांत कळतं.

कोरा कागद

सांजवात, मतदानापुरतं ठीक. पण "तू गुलाम" अशी चिठ्ठी मुलाच्या हाती देणं मला पटत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरात अपमानाच्या खऱ्या आठवणी असतात, त्याला तो खेळ वाटत नाही. शिवाय पाच मिनिटं गप्प बसून गुलामगिरी कळल्याचा भास होतो, तो तर आणखी वाईट. अथेन्सजवळच्या लॉरियमच्या चांदीच्या खाणींत कोण राबत होतं, त्या चांदीवर अथेन्सचं आरमार कसं उभं राहिलं आणि त्याच आरमारात वल्ही मारणाऱ्या गरीब नागरिकांचं राजकारणातलं वजन कसं वाढलं, हे सांगा. एकाच्या स्वातंत्र्याची किंमत दुसरा मोजतोय, हे त्यात आपोआप दिसतं, कुणाला चिठ्ठी द्यावी लागत नाही.

सांजवात

लॉरियम आणि आरमार यांची सांगड आवडली, ती वापरीन. मतदान मात्र ठेवणार. चिठ्ठ्यांवर भूमिका लिहिण्याऐवजी नुसते रंग ठेवीन आणि कुठला रंग कुणाचा, ते नंतर उलगडीन. आणखी एक गोष्ट मुलांना फार भिडते. अथेन्समध्ये बरीचशी पदं निवडणुकीने भरत नसत, सोडतीने भरत. निवडणूक म्हणजेच लोकशाही असं धरून बसलेल्या मुलांना हा धक्का असतो. "मग नालायक माणूस आला तर?" हा प्रश्न दर वेळी येतो आणि तासभर पुरतो.

अभ्यासू मुंगी

चीन कुणीच घेतला नाही अजून? तुमच्या प्रश्नाचं सर्वांत स्पष्ट उत्तर तिथे आहे.

इ.स.पू. १०४६च्या सुमारास झोऊंनी शांग घराणं उलथवलं आणि त्याचं समर्थन असं केलं की राज्य करण्याची आज्ञा स्वर्ग देतो आणि राजा नालायक ठरला की काढूनही घेतो. पूर, दुष्काळ, बंड ही आज्ञा काढून घेतल्याची लक्षणं. आता याच्या शेजारी लुईच्या मुलाचा शिक्षक, बिशप बोस्युए, याचं म्हणणं ठेवा: राजाला सत्ता देवाने दिली आणि राजा जबाबदार फक्त देवाला. दोन्हीकडे सत्ता वरूनच येते. पण चीनच्या कल्पनेत बंड यशस्वी झालं तर ते योग्यही ठरतं, बोस्युएच्या कल्पनेत बंड म्हणजे पापच. मुलांना एवढा एक फरक कळला तरी पुष्कळ झालं.

छिन सम्राटाने इ.स.पू. २२१मध्ये सगळी राज्यं जिंकून लिपी, वजनं, मापं, गाड्यांच्या आसांची रुंदी, सगळं एकसारखं केलं. त्याचं घराणं पंधरा वर्षांत संपलं. बंडाची कथा इतिहासकार सिमा छियानने सांगितलीय. इ.स.पू. २०९मध्ये पहाऱ्याच्या कामावर निघालेली नऊशे माणसं पावसात अडकली. उशिराला शिक्षा मृत्यू. मग गेलो तरी मरण, उठलो तरी मरण, असं म्हणून ती उठली. वर्गात ही गोष्ट जबरदस्त रंगते. पण तिथे थांबू नका. १९७५मध्ये एका छिन अधिकाऱ्याच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले कायदे सापडले. त्यांत वेठीच्या कामाला उशीर झाला तर समज किंवा दंड सांगितलाय आणि पावसाने खोळंबा झाला तर सूट. वेठ आणि सैन्यातला पहारा यांचे नियम वेगळे असू शकतात, तरी प्रश्न उरतोच. सिमा छियान लिहीत होता तो छिननंतर आलेल्या हान घराण्याच्या काळात, शंभरेक वर्षांनी. पाडलेल्या राज्याला क्रूर ठरवण्यात कुणाचा फायदा होता, हे मुलांनाच शोधू द्या. एकाच तासात सत्ता आणि साधनांची पारख, दोन्ही होतं.

तळटीप

अभ्यासू मुंगी, बांबूच्या पट्ट्यांचं उदाहरण उचललं! त्याच जातीचं एक माझ्याकडून.

अशोकाचा तेरावा शिलालेख. कलिंगात दीड लाख माणसं पकडून नेली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी अधिक मेली आणि आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो, असं सम्राट स्वतः सांगतो. त्यातच अंतियोक, तुरमाय वगैरे पाच ग्रीक राजांची नावं येतात, त्यामुळे अशोकाचा काळ ठरवायला मदत झाली. म्हणजे हा एक दगड भारताला भूमध्य समुद्राशी जोडतो. पण खरी मेख पुढे आहे. हा लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला कोरलेलाच नाही. तिथे त्याच्या जागी वेगळे लेख आहेत, ज्यात सगळी माणसं माझी लेकरं असं म्हटलंय. ज्यांच्यावर वार केला त्यांना पश्चात्ताप का सांगितला नाही? उत्तर कुणीच खात्रीने देऊ शकत नाही, म्हणून तो प्रश्न वर्गासाठी उत्तम.

पाणवठा

अवांतर: अरब इतिहासकार इब्न खल्दून विसरू नका. १३७७मध्ये त्याने लिहून ठेवलं की घराणी साधारण तीन पिढ्या टिकतात. पहिली पिढी वाळवंटातली, काटक, एकमेकांना धरून राहणारी. दुसरी शहरात सुखावलेली. तिसऱ्या पिढीला ती एकजूट आठवतसुद्धा नाही. मुलांना हा नियम द्या आणि सुतळीवरची घराणी त्याला लावून बघायला सांगा. कुठे बसतं, कुठे फसतं, यावर भांडाभांडी होते. छान होते.

दीपमाळ

आता एक गंभीर आक्षेप. आदिसंस्कृती ते निरंकुश राजेशाही हा प्रवास आखला की नकळत सगळ्या नद्या व्हर्सायला, लुईच्या राजवाड्याला, जाऊन मिळतात. सुरुवातीला इजिप्त, चीन, भारत यायचे, मग हळूहळू ते मंचावरून उतरायचे आणि शेवटी फक्त युरोप उरायचा. बाकीच्यांचा इतिहास जणू तिथेच संपला! पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मन्सा मुसा १३२४मध्ये हजला निघाला आणि कैरोत एवढं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. पुस्तकात हे चौकटीत येतं, "माहीत आहे का?" म्हणून. चौकटीत कशासाठी? मुख्य मजकुरात का नाही?

उपाय सोपा आहे. शेवटचा भाग उभा न शिकवता आडवा शिकवा. १६६१ हे एकच वर्ष घ्या. मंत्री माझारँ वारला आणि लुईने कारभार स्वतःकडे घेतला. त्याच वर्षी चीनमध्ये कांगशी गादीवर आला, वय अवघं सहा. दिल्लीत औरंगजेब तीन वर्षांपूर्वीच गादीवर बसला होता. जपानमध्ये तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांची, म्हणजे लष्करी शासकांची, पकड पक्की होती. चौघांपुढे अडचण एकच: लांबच्या सरदारांना मुठीत कसं ठेवायचं?

जपानचं उत्तर बघा. १६३५मध्ये नियम झाला, दाइम्योंनी, म्हणजे प्रांतोप्रांतीच्या सरदारांनी, आलटून पालटून शोगुनाच्या एदो शहरात राहायचं आणि बायको-मुलं कायम तिथेच ठेवायची. येण्याजाण्याच्या आणि दोन घरांच्या खर्चात सरदार बेजार. लुईने १६८२मध्ये दरबार व्हर्सायला हलवला आणि सरदारांना पदं, मानपान, निवृत्तिवेतनं यांच्या ओढीने स्वतःच्या नजरेखाली आणलं. एकीकडे ओलीस, दुसरीकडे आमिष. दोघांना एकमेकांचं उदाहरण घ्यायची गरज पडली नव्हती.

नांगरफाळ

दीपमाळ यांच्याशी शंभर टक्के सहमत. आडवा छेद हाच खरा जागतिक इतिहास.

फिरस्ता

लुईचा विषय निघालाच आहे, तर निरंकुश राजा किती निरंकुश होता, हेही मुलांना सांगायला हवं. "राज्य म्हणजे मी" हे वाक्य तो बोलल्याचा पुरावा नाही, तरी प्रत्येक पुस्तकात ते ठळक अक्षरांत असतं.

प्रत्यक्षात काय होतं? सरदार आणि चर्च मुख्य करातून सुटलेले. सरकारी पदं विकली जात, विकत घेणारा ती वारसालाही देई, मग राजाने त्याला काढायचं कसं? मिठावरचा कर प्रांताप्रांतात वेगळा. १६१४नंतर १७८९पर्यंत तिन्ही वर्गांची सभा बोलावली नाही, हे खरं. पण नको तिथे विचारायचं टाळलं म्हणजे हवं ते करता आलं असं होत नाही. सरदारांनाही लागू होणारा डोईकर त्याला १६९५मध्ये, युद्धाने खजिना कोरडा पडल्यावर बसवावा लागला. ओंजळ यांच्या शब्दांत सांगायचं तर सरदार राजाचं ऐकत होते, कारण ऐकण्यात त्यांचा फायदा होता. सकाळी राजाला सदरा कुणी द्यायचा यावर मोठमोठे मानकरी डोळा ठेवून असत. मुलांना ते हास्यास्पद वाटतं. पण त्या सदऱ्याबरोबर राजाच्या कानाशी चार शब्द बोलायची संधी मिळे आणि त्या चार शब्दांत पुतण्याची नेमणूक होऊन जाई.

१६८५मध्ये त्याने प्रोटेस्टंटांना धर्म पाळू देणारं नांतचं फर्मान रद्द केलं. प्रोटेस्टंटांना देशात राहूनही धर्म पाळता येईना आणि देश सोडायलाही बंदी. तरी लाखावर लोक निसटले. विणकर, घड्याळजी, सैनिक, सगळे. ऐकेनासे झालेले लोक नेहमी बंडच करतात असं नाही, निघूनही जातात. हे उत्तर तुमच्या यादीत असू द्या.

ओंजळ

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! आराखडा आता बराच बदललाय.

पहिल्या दिवशी मोहेंजोदडो, मग उरुकच्या पाट्या. कालक्रम इथे उलटा होतो, तो सुतळीवर सरळ करून घेऊ. नांगरफाळ, कोठार हा शब्द प्रत्येक धड्यात येईल, वचन देते. इजिप्तमध्ये फेरोंची यादी पूर्ण गाळणार, मेरेर आणि संपवाले कारागीर ठेवणार. रोमन सम्राटांपैकी ऑगस्टस सोडला तर बाकी सगळे गाळणार. धर्मयुद्धांच्या मोहिमा क्रमांकाने शिकवणार नाही. चिठ्ठीवर "गुलाम" लिहायचं नाही, हेही पक्कं. आणि निघून जाणारे लोक, फिरस्ता, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. प्रश्न आता असा वाचीन: लोक का ऐकतात, कधी ऐकेनासे होतात आणि तेव्हा काय करतात?

एक गाठ अजून सुटत नाही. शेवटचा तास कशावर घ्यावा? व्हर्सायच्या आरसेमहालावर संपवलं तर मुलांना वाटतं राजेशाही जिंकली. इंग्लंडच्या १६८८च्या क्रांतीवर संपवलं तर वाटतं संसद जिंकली. मला दोन्ही नकोय.

ऐन दुपारी

जानेवारी १६४९ घ्या. एकच महिना.

महिन्याच्या सुरुवातीला, ५ आणि ६ तारखेच्या मधल्या रात्री, दहा वर्षांच्या लुईला झोपेतून उठवून त्याची आई पॅरिसमधून गुपचूप बाहेर काढते. करांवरून शहर उठलंय, न्यायाधीश आणि सरदारही विरोधात गेलेत. निरंकुश राजांचा पुढचा मुकुटमणी त्या रात्री पळून जाणारा मुलगा आहे. त्याच महिन्यात लंडनला त्याच्या आत्याचा नवरा, पहिला चार्ल्स, स्वतःच्याच प्रजेच्या न्यायालयापुढे उभा आहे. तो बचाव करत नाही. मला इथे कुठल्या अधिकाराने आणलंत, एवढंच विचारतो. ३० तारखेला त्याचा शिरच्छेद होतो. आणि चार्ल्सची राणी, लुईची ती आत्या, त्या वेळी पॅरिसमध्येच आश्रयाला आहे.

तुम्ही वर्षभर विचारत आलात, लोक राजाचं का ऐकतात. इथे राजाच लोकांना विचारतोय की मी तुमचं का ऐकावं! पुढे एका देशात काय झालं आणि दुसऱ्यात काय, हे त्यानंतर पंधरा मिनिटांत सांगता येतं.

तळटीप

ऐन दुपारी, कल्पना अप्रतिम, पण एक दुरुस्ती नोंदवतो. इंग्लंड तेव्हा जुनं कॅलेंडर पाळत होतं, फ्रान्सपेक्षा दहा दिवस मागे. लंडनची ३० जानेवारी म्हणजे पॅरिसची ९ फेब्रुवारी. महिना एकच धरायचा तर ते सांगूनच धरावा लागेल.

ऐन दुपारी

सुतळीवर दहा दिवस म्हणजे सेंटीमीटरचा सदतिसावा हिस्सा नाही, त्याचाही दहावा. चालून जाईल!

ओंजळ

चालून जाईलच, आणि कॅलेंडरचं मुद्दाम सांगीन. पोपने १५८२मध्ये दिनदर्शिका सुधारली आणि प्रोटेस्टंट इंग्लंडने ती १७५२पर्यंत मानली नाही, म्हणजे तारखेच्या बाबतीतही कुणाचं ऐकायचं हा वाद होताच. शेवटचा तास ठरला: जानेवारी १६४९. चार्ल्सच्या खटल्यातली त्याची आणि न्यायाधीशाची सोपी केलेली प्रश्नोत्तरं दोन पानांत बसवतेय, झाली की इथेच टाकते. फिरस्ता, फ्रान्सच्या बाजूचं पान तुम्ही तपासून द्याल का?

फिरस्ता

आनंदाने. पाठवा.